न खेळलेल्या गेमचा पहिला नंबर

वापरानं वस्तू झिजते, हे सत्य सर्वमान्य आहे. त्यातून ओघानंच निघणारं पुढचं सत्य मात्र फार थोड्यांना पेलतं : जी वस्तू खरोखर जपायची असेल, तिला हात लावू नये. चपला वापराव्यात, बादली वापरावी, नातेवाईक तर वापरल्याशिवाय भागतच नाही. परंतु काचेचा सेट, पाहुण्यांची चादर आणि व्हिडिओ गेम या गोष्टी वापरण्यासाठी नसतात. त्या असण्यासाठी असतात.

मुळशी तालुक्यात हे तत्त्व अंगी बाणवलेले गृहस्थ म्हणजे कैलासराव गोळे. राहायला धरणाकाठी मुळशीत आणि नोकरीला लवळ्याच्या डोंगरावरच्या एका शिक्षणसंस्थेत, भांडारपाल. त्यांच्या ताब्यात डेड स्टॉक रजिस्टर होतं. खुर्ची, टेबल, पंखा असा टिकाऊ माल संस्थेत आला की त्याची नोंद या रजिस्टरात होते आणि शेवटच्या रकान्यात त्याची स्थिती लिहिली जाते. तेवीस वर्षांच्या नोकरीत कैलासरावांच्या भांडारातली एकही वस्तू खराब झाली नव्हती, कारण एकही वस्तू भांडाराबाहेर गेली नव्हती. २०११ साली आलेले चौदा पंखे आजही खोक्यात होते आणि नव्यासारखे होते. वर्गात पोरं घामानं भिजत, ती गोष्ट वेगळी. (पोरं डेड स्टॉकमध्ये धरत नाहीत.)

अशा माणसाला संग्रहाचा नाद लागणं हे विधिलिखितच होतं. मे महिन्यात वसतिगृहं रिकामी होत तेव्हा पोरं नको ती अडगळ मागं टाकून जात. त्यात जुने टीव्ही गेम सापडू लागले. पुढं पौडला स्टँडसमोरचं गेम पार्लर बंद पडलं, तेव्हा कैलासरावांनी तिथला सगळा माल टेम्पोत घालून घरी आणला. घरी त्यांनी वेगळं रजिस्टर घातलं. त्यातला गोषवारा असा : टीव्ही गेम सतरा (पैकी चालू सात, चालू असल्याचा संशय चार), कॅसेटी बत्तीस, पडद्यावरची बदकं मारायची प्लास्टिकची बंदूक एक, नाणं टाकून खेळायचं उभं मशीन एक, ज्यात कुण्या अज्ञात खेळाडूचा रुपया अद्याप अडकलेला आहे. एका कॅसेटवर ‘९९९९ गेम’ असं छापलं होतं. कैलासरावांनी ते एका रविवारी बसून प्रामाणिकपणे मोजले. गेम सहा निघाले. उरलेले ९९९३ म्हणजे तेच सहा, वेगवेगळ्या नावांनी. (छापणाऱ्यानं आधी वार्षिक अहवाल छापले असावेत.)

पण रजिस्टरातली नोंद क्रमांक एक या सर्वांहून जुनी होती, आणि ती विकत घेतलेली किंवा उचललेली नव्हती. ती रुखवतात आली होती.

मे १९९७ मध्ये कैलासरावांचं लग्न झालं. बायको सुलक्षणा ताम्हिणीची. तिचा थोरला भाऊ देवू तेव्हा पौडला टीव्ही दुरुस्तीच्या दुकानात कामाला होता. वर्षभर खपून त्यानं बहिणीच्या रुखवतात कुरडया, पापड आणि साखरेच्या तुळशीवृंदावनाशेजारी एक कोरा टीव्ही गेम मांडला. मांडवात त्याची चर्चा नवऱ्यामुलापेक्षा जास्त झाली. ताम्हिणीत असताना दोघं भावंडं दुकानातल्या दुरुस्तीला आलेल्या गेमवर चोरून खेळत. आता बहिणीला तिच्या घरी, तिच्या हक्काचा गेम असावा, एवढाच देवूचा हिशोब होता.

वरातीनंतर दुसऱ्या दिवशी सुलक्षणानं खोकं पुढं घेतलं आणि चिकटपट्टीला नख लावलं. सासू तुळजाबाईंनी खोक्यावर हळदकुंकवाची बोटं ओढली, नमस्कार केला आणि म्हणाल्या, “नवी वस्तू हाय गं. आत्ताच कशाला? नीट ठिव. पावनं आलं की काडू.”

खोकं शोकेसमध्ये गेलं. पाहुणे आले. कैलासरावांच्या अंदाजानं पुढच्या अठ्ठावीस वर्षांत अकराशेच्या वर पाहुणे आले. पण ज्यांच्यासाठी खोकं उघडावं असा दर्जा त्यांतल्या एकाचाही नव्हता. काही चहाचे होते, काही जेवणाचे, दोघं-तिघं मुक्कामाचे. गेमचा पाहुणा आला नाही.

सुलक्षणानं पहिली दोन वर्षं विचारलं. मग ती अंगणवाडीत सेविका म्हणून लागली आणि विचारायचं सोडलं. अडचण एकच होती. दर भाऊबिजेला ताटात ओवाळणी टाकता टाकता देवू विचारायचा, “खेळती का न्हाई?”

“खेळती की.”

“कितव्या लेव्हलला हायेस?”

पहिल्या वर्षी तिनं दुसरी सांगितली. पुढच्या वर्षी चौथी. आकडा मागं जाणार नाही याची तिनं नेहमी काळजी घेतली. २००९ साली तिनं गेम संपवला आणि देवूनं त्या आनंदात पेढे वाटले. त्यानंतर तिनं पुन्हा पहिल्यापासून सुरू केला. अशा एकोणतीस भाऊबिजा झाल्या.

घरात आणखी एक जुनी वस्तू टिकली, ती तुळजाबाईंच्या हट्टामुळं. २०१४ साली सपाट टीव्ही आला, तेव्हा जुना पेटीसारखा टीव्ही दुकानदाराला बदली द्यायचं ठरलं होतं. तुळजाबाई दारात आडव्या उभ्या राहिल्या. “तुज्या बापानं ह्याच्यावर बातम्या बगितल्यात,” म्हणाल्या, आणि टीव्ही स्वतःच्या खोलीत नेऊन ठेवला. आईची ही माया पाहून कैलासरावांना भरून आलं. (वडील बातम्या रेडिओवर ऐकत. परंतु भरून आलेला माणूस तपशील तपासत नाही.)

त्याच खोलीत भिंतीवर कॅलेंडर असे आणि तारखेखालच्या जागेत तुळजाबाई दुधाचा आकडा लिहीत. म्हैस २००६ साली विकली. दुधाचा आकडा चालूच राहिला. एकदा तर एका मंगळवारखाली ८४०० लिहिलेलं होतं. भांडारपालाच्या नजरेतून ते सुटलं नव्हतं. पण ‘वय झालं’ असा शेरा मनातल्या मनात मारून त्यांनी पान उलटलं. गेल्या दिवाळीपासून मात्र नोंद अचानक थांबली होती. म्हैस गेल्याचं आईच्या आता कुठं ध्यानात आलं, असं त्यांनी समजून घेतलं.

तर अशा या घरात गेल्या ऑक्टोबरात बाणेरहून इंद्रजित नावाचा तरुण आला. तो संगणकाच्या कंपनीत होता आणि ‘गतकालीन व्हिडिओ खेळ संवर्धन मंडळा’चा संस्थापक-अध्यक्ष होता. जानेवारीत धरणाकाठच्या एका रिसॉर्टमध्ये मंडळाचा पहिला महोत्सव भरणार होता आणि तो स्थानिक संग्राहकांच्या शोधात होता. कैलासरावांचा पन्नासावर नोंदींचा संग्रह त्यानं तीन मिनिटांत पाहिला. मग त्याची नजर शोकेसकडं गेली आणि तो तिथंच खिळला.

“काका, हे सील्ड आहे? म्हणजे... नेव्हर ओपन्ड?”

“कधीच नाही,” कैलासराव नम्रपणे म्हणाले.

“अठ्ठावीस वर्षं? काका, यू आर अ लेजंड.” त्यानं हात मागं बांधले, खाली वाकला, डोळे मिटले आणि खोक्याचा वास घेतला. “ओह माय गॉड. अजून फॅक्टरीचा वास येतोय!”

तेवीस वर्षं कैलासरावांना साहेबांनी, प्राध्यापकांनी आणि पंखे मागायला येणाऱ्या पोरांनी कंजूष, खडूस आणि अजगर म्हटलं होतं. त्यांच्या गुणाला गुण म्हणणारा हा पहिलाच माणूस. ते तिथल्या तिथं मंडळाचे आजीव सभासद झाले.

मंडळाचे नियम वाचल्यावर तर आपण आयुष्यभर याच परीक्षेचा अभ्यास करत होतो, असं त्यांना वाटलं. महोत्सवातला मानाचा गट म्हणजे ‘अस्पर्शित गट’. त्यात शंभर गुणांची विभागणी अशी : सीलची अवस्था चाळीस, खोक्याचे कोपरे वीस, वजन वीस, मूळ कारखान्याचा वास दहा आणि मालकाचा संयम दहा. आत असलेला खेळ कसा आहे, याला गुण नव्हते. कारण नियमावलीच्या तळटीपेत सरळ दिलं होतं : ते कळण्यासाठी खेळावा लागतो, आणि खेळल्यास प्रवेशिका बाद होते. नियम नऊनुसार खोकं त्यावरच्या बाणाप्रमाणे ‘ही बाजू वर’ असंच ठेवायचं होतं. आडवं, तिरपं वा उलटं करणाऱ्यास दालनाबाहेर काढलं जाईल.

हळदकुंकवावर मंडळाच्या तीन ऑनलाइन बैठका झाल्या. हा डाग धरायचा की दस्तऐवज? एका सभासदानं डाग म्हटलं, त्याच्यावर परंपरेचा अवमान केल्याचा ठपका आला. अखेर ठराव झाला की हळदकुंकू हे ‘प्रथम मालकीचं कालनिदर्शक चिन्ह’ असून त्यास पाच जादा गुण द्यावेत. ठराव मंजूर झाल्यावर आठवड्याभरात पुण्यातल्या तीन संग्राहकांच्या खोक्यांवरही हळदकुंकू आढळलं. एकाचं तर ओलं होतं.

पहिल्या क्रमांकाचं खोकं रिसॉर्टच्या स्वागतकक्षात काचेच्या कुलूपबंद पेटीत कायमचं राहणार होतं, खाली पितळी पाटी : ‘संग्राहक – कै. गोळे’. (कैलासचा संक्षेप छापखान्यानं केला होता. तो बदलून घेण्यात कैलासरावांचा एक आठवडा गेला.) शिवाय वस्तू देणारा मूळ दाता म्हणून देवूचा स्टेजवर सत्कार होणार होता.

ही बातमी कैलासरावांनी बायकोला जेवताना सांगितली. सुलक्षणाचा भाताचा घास हातातच राहिला.

“दादाला बोलावलंय?”

“मानानं. तुझ्या भावाचं नाव पाटीवर येणार. कुणाचं आलंय अख्ख्या ताम्हिणीत?”

“आन पाटीवर काय लिवलंय?”

कैलासरावांनी मजकूर पाठ म्हणून दाखवला. “अठ्ठावीस वर्षं आठ महिने अखंड न खेळलेला.”

“अवं, पर मी त्याला गेम दोनदा संपवल्याचं सांगितलंय.”

कैलासरावांनी या मुद्द्यावर विचार केला. नियमावलीत त्याची तरतूद नव्हती. “मग तिथं सांगू नको,” ते म्हणाले.

“मग आदी तरी येकदा खेळू द्या. खोट्याचं खरं तरी व्हईल.”

“अगं, उघडला तर नंबर कसा येईल?”

“आन न्हाई उघडला तर खेळू कशी?”

हा प्रश्न कैलासरावांना अभ्यासक्रमाबाहेरचा वाटला. त्यांनी ताक मागितलं. पलीकडं तुळजाबाई जेवत होत्या. त्या सुनेकडं बघत राहिल्या आणि पहिल्यांदाच त्यांनी दुसरी भाकरी नको म्हटली.

जानेवारीतल्या शनिवारी महोत्सव भरला. रिसॉर्टच्या हॉलमध्ये आदल्या दिवशीच लग्न झालेलं होतं, आणि स्टेजवरचा नवरानवरीचा लाल मखमली सोफा हलवायला माणसं मिळाली नव्हती. म्हणून अस्पर्शित गटाची खोकी त्याच सोफ्यावर मांडली गेली. नोंद क्रमांक एक मधोमध बसली, मागं थर्माकोलची मोरपिसं. रुखवतातून निघालेली वस्तू अठ्ठावीस वर्षांनी नवरीच्या जागी पोचली.

खाली उजव्या अंगाला ‘चालू गेम विभाग’ होता. तिथं जुने पेटी टीव्ही लावले होते आणि सहलीला आलेली पोरं त्यांवर तुटून पडली होती. मंडळाला हा विभाग नको होता. पण रिसॉर्टच्या मालकानं घातलेली अट होती. सभासद त्या बाजूला शक्यतो बघत नसत. तिथं कॅसेट अडली की पोरं ती बाहेर काढून आत जोरात फुंकर मारत, आणि प्रत्येक फुंकरीला स्टेजवर कुणीतरी डोळे मिटून घेई.

तुळजाबाई पहिल्या रांगेत प्लास्टिकच्या खुर्चीत बसल्या होत्या. मांडीवर मोठी कापडी पिशवी. घरातून निघताना कैलासरावांनी ती घ्यायला हात पुढं केला, तर त्यांनी झटक्यात मागं ओढली होती. भाकरी असतील, असं कैलासरावांनी समजून घेतलं. (समजून घेणं हा त्यांचा दुसरा मोठा गुण होता.)

परीक्षण सुरू झालं. सील : चाळीसपैकी चाळीस. कोपरे : वीसपैकी एकोणीस. मग पांढरे हातमोजे घालून दोघांनी खोकं वजनकाट्यावर ठेवलं. खोक्यावर छापलेलं वजन एक किलो दोनशे ग्रॅम. काट्यावर भरलं एक किलो नऊशे. समितीत खळबळ उडाली. सातशे ग्रॅम जादा! वजन कमी भरलं असतं तर संशय घेता आला असता. जास्तीला काय म्हणायचं? अर्ध्या तासाच्या चर्चेनंतर ही निर्यातीसाठी काढलेली दुर्मीळ जड आवृत्ती असल्याचं एकमतानं ठरलं आणि वीसपैकी पंचवीस गुण दिले गेले.

मग वास. पाच परीक्षक ओळीनं वाकले. “किंचित गोडसर,” एक म्हणाला. “फुलांसारखा,” दुसरा म्हणाला. इंद्रजितनं वहीत लिहिलं : ‘त्या काळचं प्लास्टिक आजच्यापेक्षा सुवासिक असे.’ खाली बसलेल्या गावातल्या दोन बायांनी एकमेकींकडं पाहिलं. मुळशीत आंबेमोहोराचा वास ओळखायला समिती नेमावी लागत नाही.

एवढ्यात खोक्याच्या खालच्या कोपऱ्यातून एक बारीक काळा किडा बाहेर आला, हळदकुंकवाच्या बोटांवरून चालत सीलपर्यंत गेला आणि थांबला. परीक्षक नियमावली चाळू लागले.

त्याच वेळी देवू आला. आता तो ताम्हिणी घाटात धाबा चालवत होता. टीव्ही दुरुस्त करून घेणारी माणसं संपली होती. नवा पांढरा सदरा घालून तो थेट स्टेजवर चढला, सोफ्यावरचं खोकं बघून हसला, मग त्यानं पाटी वाचली. पुन्हा वाचली. मागं वळून बहिणीकडं बघितलं.

“सुले, हे काय लिवलंय?”

सुलक्षणानं पदर तोंडाला लावला.

“येकदाबी न्हाई खेळलीस व्हय? मग ती सातवी लेव्हल? आन मी ते पेढे वाटलं?”

हॉलमध्ये दोनशे माणसं होती. माइक चालू होता. कैलासराव पुढं होऊन म्हणाले, “देवराव, तसं नाही. यात तुमच्या बहिणीचा संयम दिसतो. त्याला दहापैकी दहा...”

“कोन म्हनतं खेळला न्हाई?” खालून आवाज आला. तुळजाबाई पिशवी छातीशी धरून उभ्या राहिल्या होत्या. “उलटं करा ते खोकं.”

“आजी, नियम नऊ...” इंद्रजित म्हणाला.

“घाल चुलीत तुजा नियम. उलटं कर म्हनते ना.”

देवूनं हातमोज्याशिवायच खोकं उचललं आणि उलटं केलं. वरची चिकटपट्टी १९९७ सालची, जशीच्या तशी होती. खालचं झाकण मात्र तीन बाजूंनी ब्लेडनं कापलेलं होतं आणि भाताच्या खळीनं चिकटवलेलं होतं. देवूचा अंगठा लागताच खळ सुटली आणि लाल मखमली सोफ्यावर तांदळाची रास झाली. अठ्ठावीस वर्षांत ते खोकं शेकडो माणसांनी न्याहाळलं होतं. पण बाण वर होता, म्हणून सगळ्यांनी वरच बघितलं.

“आये!” कैलासराव ओरडले.

“ओरडू नगंस. दर दसऱ्याला पुसाया उचलतुयास, हलकं लागलं असतं म्हनून तांदूळ भरलं. दर दिवाळीला बदलती बी. औंदा टीव्ही बिगाडला, मग जीव लागंना, ऱ्हायलं. किडं झालं ते त्यामुळं.” त्यांनी पिशवीत हात घातला आणि गेम बाहेर काढला. “हितं जुनं टीव्ही हायेत आसं ह्यो मंडळवाला पोरगाच म्हनला व्हता. म्हनलं तेवढंच येक डाव बसंल.”

गेमचा पांढरा रंग भाकरीसारखा पिवळा पडला होता. जॉयस्टिकची बटणं झिजून सपाट झाली होती आणि त्याला जुन्या लुगड्याच्या काठाची मूठ शिवलेली होती. सून अंगणवाडीत, मुलगा भांडारात. अकरा ते तीन तुळजाबाई घरी एकट्या असत. गुडघ्यांमुळं शेतावर जाणं संपलं होतं. सुट्ट्या वजा जाता, जाणकारांच्या मते, हे साधारण चोवीस हजार तास भरतात. मंडळाच्या सर्व सभासदांनी मिळून आयुष्यात तेवढा खेळ केलेला नाही.

कैलासरावांच्या डोळ्यांपुढून कॅलेंडरची पानं एकामागून एक गेली. आठ हजार चारशे लिटर.

“ते दूध...” ते म्हणाले.

“मार्कं व्हती,” तुळजाबाई म्हणाल्या. “आट हजार चारशेच्या म्होरं जातच न्हाई मेलं. तिसऱ्या दारात आडतंय. येकानं फळी धरायची, दुसऱ्यानं वरनं जायचं. येकटीनं कसं जमायचं?”

“आत्या,” सुलक्षणा म्हणाली. (सासूला ती पहिल्यापासून आत्याच म्हणे.) “मला हाक मारायची न्हाई व्हय?”

“कंच्या तोंडानं मारू? मीच म्हनलं व्हतं ना, पावनं आलं की काडू.”

इंद्रजित एव्हाना पुढं सरकला होता. त्याची नजर पिशवीत गेली होती. “वन सेक. आजी, ते काय आहे?”

ते दुसरं जॉयस्टिक होतं. कारखान्याच्या पारदर्शक पिशवीत, वायर गुंडाळलेली, तोंडाला मारलेली पिन अजून चकचकीत.

समितीची तातडीची बैठक मोरपिसांमागं भरली. एकूण परिस्थिती मंडळाच्या अब्रूच्या दृष्टीनं नाजूक होती. पण संस्था अशाच प्रसंगी मोठ्या होतात. सहा मिनिटांत निकाल आला. खोकं बाद. तांदूळ बाद (किड्यासह). मात्र दुसरं जॉयस्टिक ही स्वतंत्र प्रवेशिका धरण्यात येत असून, ज्या घरात चोवीस हजार तास खेळ झाला त्याच घरात ते अस्पर्शित राहिलं, ही गोष्ट संयमाची पराकाष्ठा मानून त्यास अठ्ठ्याण्णव गुण देण्यात येत आहेत. (हळदकुंकू नसल्यानं दोन कापले.) पहिला क्रमांक! काचेची पेटी आणली गेली. पितळी पाटीत फारसा बदल लागणार नव्हता. ‘अखंड न खेळलेला’मधला शेवटचा काना खरवडून वर अनुस्वार दिला की झालं, असं छापखान्याच्या माणसानं सांगितलं.

कैलासरावांचा श्वास परत आला. नाव राहिलं, पाटी राहिली. ते जॉयस्टिक घ्यायला वळले, तर ते सुलक्षणाच्या हातात होतं.

“दे,” ते म्हणाले. “पिन दाबू नको. गंज...”

सुलक्षणा नवऱ्याकडं बघत होती, पण बोलली सासूशी. “आत्या, फळी मी धरू का तुमी?”

“तू धर. मला वरनं जायचं ठाव हाय.”

“सुलक्षणा,” कैलासराव हळू आवाजात म्हणाले, “पहिला नंबर आहे गं.”

“अवं, पावनं आलंत,” ती म्हणाली. “हे बगा की. दोनशे हायेत.”

आणि तिनं पिशवीचं तोंड दातात धरून फाडलं. या कामाला समितीच्या नोंदीप्रमाणे दीड सेकंद लागला. अठ्ठ्याण्णव गुणांचं शून्य झालं. एक परीक्षक सोफ्यावर मटकन बसला, तांदळातच.

चालू गेम विभागातल्या पोरांनी टीव्ही मोकळा करून दिला. देवूनं मागं वाकून वायर जोडली. अठ्ठावीस वर्षांनी त्याच्या हाताला ती जागा बघावी लागली नाही. कॅसेट आधी लागली नाही. तुळजाबाईंनी ती काढली, सराईतपणे फुंकर मारली, पुन्हा बसवली. पडद्यावर दोन टोपीवाली माणसं उभी राहिली. दुसरं माणूस जागचं हलताना तुळजाबाई पहिल्यांदाच बघत होत्या.

“फळी धर! धर गं! सोडलीस का?”

“कुटलं बटन, आत्या?”

“सातव्या लेव्हलला पोचलेलं मानूस,” देवू मागून म्हणाला, “फळी सोडतंय व्हय?” सगळा हॉल हसला. सुलक्षणाही हसली, आणि मग तिला दोन-तीन वेळा डोळे पुसावे लागले, त्यात आणखी एकदा फळी सुटली.

चौथ्या डावाला त्या तिसऱ्या दारापलीकडं गेल्या. पलीकडं काय होतं? चौथं दार होतं. गुण आठ हजार चारशे पन्नास.

मागं उभ्या कैलासरावांनी बगलेतलं रजिस्टर उघडलं, नोंद क्रमांक एक काढली आणि शेवटच्या रकान्यातला ‘नवीन’ हा शब्द लाल शाईनं खोडला. तिथं काय लिहायचं ते त्यांना चटकन सुचेना, कारण तो शब्द त्यांनी तेवीस वर्षांत कुठंच लिहिला नव्हता. शेवटी लिहिलं : ‘वापरात’. सही केली, तारीख घातली. (संस्थेतले चौदा पंखे अजून खोक्यात आहेत. माणसानं एका वर्षात किती बदलावं, यालाही मर्यादा आहे.)

मंडळाचं मात्र अडलं नाही. पहिला क्रमांक पुण्याच्या एका सद्गृहस्थांना गेला. त्यांच्याच खोक्यावरचं हळदकुंकू ओलं होतं. आत काय आहे हे कुणालाही ठाऊक नाही आणि नियमाप्रमाणे कधी ठाऊक होणारही नाही. काचेची पेटी स्वागतकक्षात आहे. बाण वर आहे.

या अनुभवातून शहाणं होऊन मंडळानं आता अस्पर्शित गट केवळ व्हिडिओ गेमपुरता न ठेवता सर्व गृहोपयोगी वस्तूंना खुला केला आहे, आणि सर्वेक्षणासाठी हे वाचणाऱ्यांचीच घरं निवडली आहेत. आपल्या टीव्हीच्या रिमोटचं प्लास्टिक, शोकेसमधले सहा कप, कपाटात वरच्या खणात ठेवलेली ती वस्तू, या सर्वांना प्रवेश आहे. सर्वेक्षक येईपर्यंत कशालाही हात लावू नये, ही विनंती. तशी ती आपल्याला करण्याची गरज नाही. अर्ज सोपा आहे. शेवटच्या रकान्यात एवढंच विचारलं आहे : ‘आपल्या घरात दुसरं जॉयस्टिक धरायला कोण आहे, आणि आपण त्याला शेवटची हाक कधी मारली?’

रकाना कोरा ठेवल्यास पूर्ण गुण मिळतात.